ट्रेलरचे चाक बसले तरी पुढे कळत नाही : पंक्चर, फुटलेले टायर आणि स्टेपनी

मुक्कामी

आमच्याकडे दोन अ‍ॅक्सलचा, म्हणजे चार चाकांचा, मुक्कामी ट्रेलर आहे. झोपण्याची जागा, छोटा ओटा, पाण्याची टाकी असे सगळे आत असल्यामुळे भरल्यावर त्याचे वजन सुमारे ३२०० किलो होते. गेल्या सुट्टीत एकाच प्रवासात त्याच्या एकाच बाजूचे दोन टायर दोन दिवसांच्या अंतराने फुटले. कोणालाही इजा झाली नाही. तरीही मी काय चुकलो हे नीट समजून घेतल्याशिवाय पुन्हा ट्रेलर जोडण्याची माझी तयारी नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिल्या दिवशी दुपारी सरळ, मोकळ्या रस्त्यावर असताना शेजारून पुढे जाणाऱ्या गाडीतल्या बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून मागे बोट दाखवले. तोपर्यंत मला काहीही जाणवले नव्हते. स्टिअरिंग ओढत नव्हते, आवाज येत नव्हता, इंजिनावर जादा ताण आल्यासारखेही वाटत नव्हते. कडेला घेऊन मागे जाऊन पाहिले, तर डावीकडच्या मागच्या चाकावर टायर असा उरलाच नव्हता. रिमच्या दोन्ही कडांना रबराची दोन कडी तेवढी अडकलेली होती आणि त्यांतून बारीक तारा बाहेर आल्या होत्या. मधला पट्टा सुटून कुठेतरी मागे पडला होता, पण पडण्यापूर्वी त्याने चाकावरच्या कमानीचा पत्रा आतून फाडला होता, ट्रेलरच्या ब्रेकची वायर तोडली होती आणि ओट्याच्या सांडपाण्याचा पाइप मुळापाशी तडकवला होता. रिमची कड रस्त्याला घासून एका बाजूने चकाकत होती. हे चाक तसेच किती किलोमीटर फिरले असेल, हे मला आजही सांगता येणार नाही.

स्टेपनी काढून गेज लावले, तर तिच्यात ३२ पीएसआय हवा निघाली. टायरवर ६५ लिहिलेले आहे. सोबतचा छोटा कंप्रेसर चाळीसच्या पुढे नेताना धापा टाकू लागला आणि त्याला दोनदा थंड होऊ द्यावे लागले. स्टेपनी चढवली, वायर जोडली आणि निघालो. शेजारचा, म्हणजे डावीकडचा पुढचा टायर मी डोळ्यांनी पाहिला, हाताने चाचपला, त्याची हवा मोजली. सगळे व्यवस्थित होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सुमारे दीडशे किलोमीटर गेल्यावर नेमका तोच फुटला. तेव्हा रस्त्यावर खिळा, काच किंवा खड्डा असे काहीही नव्हते.

माझे प्रश्न असे आहेत. ट्रेलरच्या चाकाची हवा जात आहे हे गाडी चालवणाऱ्याला वेळेवर कसे कळावे? एक टायर बसल्यावर त्याच्या शेजारचा टायर, दिसायला चांगला असला तरी, काढून टाकावा का? आणि जॅक नेमका कुठे लावावा? त्या दिवशी मी तो अंदाजानेच लावला होता आणि ते करताना माझे हात थरथरत होते.

जुना सारथी

मुक्कामी, आपला दुसरा टायर तिसऱ्या दिवशी फुटला असला, तरी तो निकामी पहिल्याच दिवशी झाला होता, असे मला वाटते. आपल्याच आकड्यांवर हिशेब करून पाहू. ३२०० किलोंपैकी सुमारे ३५० किलो भार जोडणीच्या टोकावरून आपल्या गाडीवर येतो, असे धरले तर चार टायरांवर २८५० किलो उरतात. भार सारखा वाटला गेला आहे असे मानले, तर प्रत्येकावर ७१० किलोंच्या आसपास येतात. २२५/७५ आर १५ या मापाचा, ‘डी’ भारश्रेणीचा, खास ट्रेलरसाठी केलेला टायर ६५ पीएसआयला साधारण ११५० किलो पेलतो. म्हणजे चारही चाके ठीक असताना आपण मर्यादेच्या बरेच आत होता. मात्र मागचे चाक बसल्याबरोबर त्या बाजूचे १४२५ किलो जवळजवळ सगळेच्या सगळे पुढच्या एका टायरवर आले, आणि ते त्याच्या क्षमतेपेक्षा सुमारे पावणेतीनशे किलोंनी जास्त आहेत. त्यात त्या टायरची हवा ६५ ऐवजी ५० असती, तर त्याची क्षमताही ९७५ किलोंवर उतरली असती. हवा कमी ठेवल्याने चाल मऊ होते असे समजून ट्रेलरच्या टायरांत कमी हवा ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा, अशी माझी विनंती आहे. ट्रेलरमध्ये कोणी बसत नाही, त्यामुळे मऊ चालीचा उपयोग कोणालाच नसतो. टायरच्या अंगावर जो जास्तीत जास्त दाब छापलेला असतो, तोच थंड असताना भरावा. ट्रेलर बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर अर्थात तो पाळावा.

असा जादा भार घेऊन टायर पळू लागला की त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात प्रमाणाबाहेर वाकते आणि पुन्हा सरळ होते. या वाकण्याने आत उष्णता साठते, टायरमधले दोरे व रबर एकमेकांपासून सुटू लागतात आणि हे सगळे बाहेरून अजिबात दिसत नाही. आपण टायर चाचपलात, हवा मोजलीत, हे योग्यच केलेत, पण या दोन्ही गोष्टींनी आतली इजा कळत नाही. म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे. शेजारचे चाक बसलेले असताना वेगाने अंतर कापले गेले असेल, किंवा किती अंतर गेले हे माहीतच नसेल, तर जोडीचा टायरही उतरवावा. निदान तो रिमवरून काढून आतून तपासून घेतल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये. वाटेत दुसरा टायर मिळेपर्यंत वेग बराच खाली आणून, शक्य तितके सामान व टाकीतले पाणी कमी करून जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंतच जावे.

एका अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला हा प्रश्न येत नाही, पण तिथे चाक बसले की एक बाजू थेट रस्त्यावर टेकते, त्यामुळे ते कळते तरी लवकर. चार चाकांचा ट्रेलर तीन चाकांवर चालत राहतो आणि आपल्याला वाटते की सगळे ठीक आहे.

रानवाटा

पहिल्या प्रश्नाबद्दल माझा अनुभव लिहितो. आरशातून टायर दिसतो हा समज सोडून द्यावा. आरशात चाकाचा वरचा भाग आणि कमानच दिसते, बसलेला भाग नेहमी खाली असतो. मी सात वर्षे आरशावर भिस्त ठेवली आणि त्या सात वर्षांत एकदा मागच्या ट्रकवाल्याने दिवे दाखवले म्हणूनच वाचलो. त्यानंतर टायरच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा बसवली. प्रत्येक व्हॉल्व्हवर टोपीसारखा एक छोटा सेन्सर फिरवून बसवायचा असतो आणि पुढे गाडीत एक पडदा असतो, त्यावर प्रत्येक चाकाचा दाब आणि तापमान दिसते. ट्रेलर लांब असेल तर मागच्या सेन्सरांचा सिग्नल पुढपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा मध्ये तो पुढे ढकलणारे एक उपकरण लावावे लागते. ते न लावल्याने पडद्यावर मागची चाके अधूनमधून गायब होतात आणि मग माणूस त्या पडद्याकडे पाहणेच सोडून देतो.

इशाऱ्याची पातळी मी थंड दाबाच्या दहा टक्के खाली ठेवतो, म्हणजे ६५ भरले तर ५८ ते ५९ वर तो ओरडतो. एवढ्याने बहुतेक हळू गळती चाक गरम होण्याआधीच हाती लागते. पट्टा अचानक सुटला तर यंत्रणाही आधी सांगू शकत नाही, पण घडल्याक्षणी सांगते, आणि आपल्या कमानीचा पत्रा व पाइप वाचायला तेवढे पुरेसे असते.

नवीन लोक एका गोष्टीला घाबरतात, म्हणून तीही लिहितो. चालू लागल्यावर दाब वाढतो. ६५ पीएसआय भरलेल्या टायरात आतली हवा १० अंश सेल्सिअसने तापली की दाब अडीच ते पावणेतीन पीएसआयने वर जातो, त्यामुळे उन्हात तासाभराने ७२ ते ७५ दिसणे स्वाभाविक आहे आणि उन्हाकडच्या बाजूचे आकडे सावलीच्या बाजूपेक्षा थोडे जास्त असणेही स्वाभाविक आहे. गरम टायरची हवा कधीही कमी करू नये. मी सुरुवातीला एकदा तसे केले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चारही टायर कमी निघाले. एकच चाक इतर तिघांपेक्षा सतत जास्त तापत असेल, तर मात्र टायरपेक्षा आधी बेअरिंग आणि ब्रेक पाहावेत. ब्रेक घासत राहिला की ती उष्णता रिममधून टायरला मिळते.

जुना सारथी

रानवाटांच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. दर थांब्यावर हाताची पाठ चारही हबांच्या, म्हणजे चाकांच्या मधल्या भागांच्या, जवळ नेण्याची सवय फार जुनी आहे, आणि ती यंत्रणा बसवल्यावरही सोडू नये. थेट स्पर्श मात्र करू नये, कारण बेअरिंग गेलेला हब हात भाजण्याइतका तापलेला असतो.

सावकाश

जॅकबद्दल मी लिहितो, कारण या बाबतीत मी स्वतःच्या ट्रेलरचे नुकसान करून घेतले आहे. पहिल्या वेळी मी जॅक अ‍ॅक्सलच्या नळीच्या मध्याला लावला. चाक वर आले, बदलले, सगळे छान झाले असे वाटले. पण पुढच्या काही महिन्यांत त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टायरांची बाहेरची कड झिजून गुळगुळीत झाली. ती नळी आतून पोकळ असते आणि चाके ठरावीक कोनात उभी राहावीत म्हणून मुद्दाम किंचित बाक दिलेली असते. मध्ये रेटा दिला की तो बाक बिघडतो. तेव्हा अ‍ॅक्सलच्या नळीला जॅक लावू नये. जागा म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्याची मुख्य लोखंडी तुळई, चाकाच्या लगेच पुढे किंवा मागे. पाट्यांच्या स्प्रिंगखालच्या प्लेटला जॅक लावण्याची परवानगी काही उत्पादक देतात आणि काही देत नाहीत, म्हणून पुस्तिका प्रवासाला निघण्यापूर्वीच उघडून ती जागा पाहून ठेवावी आणि तिथे रंगाचा एक ठिपका देऊन ठेवावा. माझ्या ट्रेलरवर असे चार पांढरे ठिपके आहेत आणि अंधारात टॉर्च मारला की ते लगेच सापडतात.

सांगाड्याला जॅक लावला की अ‍ॅक्सल खाली लोंबत राहतात, त्यामुळे चाक जमिनीवरून सुटायला बराच उंच उचलावा लागतो आणि गाडीसोबत आलेला जॅक तिथे तोकडा पडतो. बाटलीच्या आकाराचा हायड्रॉलिक जॅक आणि त्याखाली घालायला जाड लाकडी फळी, ही जोडी सोबत असावी. मुक्कामाच्या ठिकाणी ट्रेलर डुलू नये म्हणून कोपऱ्यांत जे पाय खाली सोडतो, ते वजन उचलण्यासाठी नसतात. जोडणीपाशी जो उभा जॅक असतो, त्यानेही चाक उचलण्याचा प्रयत्न करू नये.

क्रम असा ठेवावा. ट्रेलर गाडीला जोडलेलाच राहू द्यावा, कारण ओढणारी गाडी हाच त्याचा सर्वात मोठा आधार असतो. गाडीचा हँडब्रेक ओढावा आणि विरुद्ध बाजूच्या चाकांना पुढून व मागून दोन्हीकडून ठोकळे लावावेत. सगळ्यांनी, लहान मुलांसकट, ट्रेलरमधून आणि गाडीतून उतरून रस्त्यापासून दूर उभे राहावे. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत, कारण चाक हवेत असताना पान्याला जोर दिला तर सगळा ट्रेलर जॅकवरून हलतो. आणि शरीराचा कोणताही भाग ट्रेलरखाली जाऊ देऊ नये, पडलेला नट उचलण्यासाठीसुद्धा.

पान्याबद्दलही एक गोष्ट. ट्रेलरच्या नटांचे माप ओढणाऱ्या गाडीच्या नटांसारखेच असेल असे नाही. गाडीचा पाना ट्रेलरच्या नटावर अर्धवट बसतो हे रस्त्याच्या कडेला, पावसात, समजण्यापेक्षा घरी समजलेले बरे.

आडवाट

सावकाश यांनी सर्व काही नीट लिहिले आहे, पण दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला जॅकची गरजच काय, असे मला वाटते. शेजारचे चांगले चाक उताराच्या ठोकळ्यावर चढवले की बसलेले चाक आपोआप अधांतरी होते. मी दोनदा असेच चाक बदलले आहे आणि दोन्ही वेळा पंधरा मिनिटांत मोकळा झालो.

सावकाश

आडवाट, आपल्या ट्रेलरला लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंग नसून रबराचा पीळ असलेले स्वतंत्र अ‍ॅक्सल आहेत का? असतील तर आपला अनुभव अगदी बरोबर आहे, कारण त्यांत एका चाकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. एक वर गेले की सांगाडा वर जातो आणि सांगाड्याबरोबर दुसरेही उचलले जाते. मुक्कामींसारख्या पाट्यांच्या ट्रेलरमध्ये दोन्ही स्प्रिंगांच्या मध्ये एक तराजूसारखी दांडी असते. पुढचे चाक वर गेले की ती दांडी मागचे चाक खाली दाबते, रस्त्याच्या उंचसखलपणात भार सारखा राहावा म्हणून ती असतेच त्यासाठी. त्यामुळे ठोकळा बराच उंच असल्याशिवाय बसलेले चाक जमीन सोडत नाही, आणि इतक्या उंच ठोकळ्यावर भरलेला ट्रेलर चढवणे मला सुरक्षित वाटत नाही. शिवाय ज्या टायरने आत्ताच दुप्पट भार सोसला आहे, त्यालाच पुन्हा एकट्याला सगळे वजन उचलायला लावतो, हेही आहे.

आडवाट

होय, माझे अ‍ॅक्सल रबराच्या पिळाचेच आहेत. हा फरक मला माहीत नव्हता, तेव्हा माझे वरचे म्हणणे सगळ्यांना लागू नाही असे समजावे.

चाकदुरुस्ती

मी टायरांच्या कामात आहे, म्हणून पंक्चर काढण्याबद्दल लिहितो. टायर रस्त्याला टेकतो त्या मधल्या पट्ट्यात खिळा किंवा स्क्रू घुसला असेल, भोक सहा मिलिमीटरपेक्षा मोठे नसेल आणि टायर हवेविना पळालेला नसेल, तरच पंक्चर काढता येते. खांद्यावर, म्हणजे पट्टा आणि भिंत जुळतात तिथे, किंवा बाजूच्या भिंतीत भोक असेल तर तो टायर दुरुस्तीचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. त्या भिंतीला दर फेऱ्यात वाकावे लागते आणि तिथला कुठलाही जोड टिकत नाही.

रस्त्याच्या कडेला आपण बाहेरून चिकट पट्टी दाबून बसवतो ती तात्पुरती आहे. ट्रेलरच्या टायरात मोटारीच्या दुप्पट दाब असतो, त्यामुळे ती पट्टी पुढच्या गावापर्यंत पोहोचण्यासाठी समजावी. पक्के काम म्हणजे टायर रिमवरून उतरवून, आतून तपासून, भोकात देठ आणि आत टोपी असलेला मशरूम पॅच बसवणे. घुसलेला स्क्रू दिसल्याबरोबर पक्कड लावून उपटू नये, हेही सांगतो. पुष्कळदा तोच भोक बुजवून बसलेला असतो आणि हवा अगदी हळू जात असते. साबणाचे पाणी टाकून बुडबुडे किती वेगाने येतात ते पाहावे, आणि हवा टिकत असेल तर हवा भरत भरत दुरुस्तीच्या ठिकाणी जावे.

हवेविना पळालेला टायर आम्ही कसा ओळखतो, तेही सांगतो. टायर उतरवला की आत काळा, ओलसर वाटावा असा रबराचा भुगा पडलेला असतो आणि बाजूच्या भिंतीच्या आतल्या अंगावर बोट फिरवले की सुरकुत्यांचे एक पूर्ण वर्तुळ लागते. असा टायर बाहेरून नव्यासारखा दिसत असला तरी त्यात पुन्हा हवा भरू नये. भिंतीतल्या पोलादी तारा आतून तुटलेल्या असतील, तर हवा भरताना ती भिंत चेन उघडावी तशी सरळ रेषेत फाटते आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून बसलेल्या टायरात हवा भरताना लांब नळी आणि व्हॉल्व्हला स्वतः धरून राहणारी चिमटी वापरावी, आणि टायरच्या भिंतीसमोर नव्हे तर पट्ट्याच्या बाजूला, शक्य तितके दूर उभे राहावे. ही गोष्ट मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो, आणि इथेही आवर्जून सांगतो.

वयाचे म्हणाल तर ट्रेलरचे टायर झिजून जाण्यापूर्वी म्हातारे होतात. नक्षी पूर्ण शिल्लक असते, आणि म्हणूनच मालकाला ते टाकवत नाहीत. टायरच्या अंगावर डॉट या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार अंक असतात. ‘२३१९’ असे असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. तीनच अंक असतील तर तो २००० च्या आधीचा आहे. ही पूर्ण ओळ टायरच्या एकाच अंगावर असते, त्यामुळे ती कित्येकदा आतल्या बाजूला जाते आणि वाकून टॉर्चच्या उजेडात वाचावी लागते. ट्रेलरचे टायर पाच वर्षांनी बारकाईने तपासून घ्यावेत आणि सहाव्या वर्षानंतर वापरू नयेत, असा माझा सल्ला असतो. वर्षातले अकरा महिने एकाच जागी उन्हात उभा असलेला टायर रोज पळणाऱ्या टायरपेक्षा लवकर तडकतो.

रानवाटा

चाकदुरुस्ती, टायरात आधीच भरून ठेवायच्या द्रवाबद्दल आपले मत काय आहे? आणि ट्रेलरला मोटारीचे साधे टायर चालतात का?

चाकदुरुस्ती

द्रवाने पट्ट्यातले बारीक भोक बुजते हे खरे आहे, पण तो आत साचून चाकाचा तोल बिघडवतो, दाब मोजणाऱ्या सेन्सरचे छिद्र बुजवू शकतो आणि नंतर पॅच लावायचा असेल तर आधी सगळे धुऊन काढावे लागते. आणीबाणीसाठी बाटली सोबत असू द्यावी, आधीच भरून ठेवू नये. मोटारीच्या साध्या टायरची भिंत मऊ असते. उंच, जड ट्रेलर वाऱ्याने किंवा शेजारून ट्रक गेल्याने डुलू लागला की मऊ भिंत त्या डुलण्याला साथ देते, म्हणून माझे उत्तर नाही असे आहे. मात्र खास ट्रेलरच्या टायरची वेगाची मर्यादा पाहून घ्यावी. पुष्कळ जुन्या टायरांची ती ताशी १०५ किलोमीटरच असते. भिंतीवर ‘एल’ अक्षर असेल तर १२०, ‘एम’ असेल तर १३०. ओढणारी गाडी कितीही सहज पळत असली, तरी मर्यादा मागच्या टायरची धरावी.

जुना सारथी

चालत्या गाडीत ट्रेलरचा टायर फुटला तर काय करावे, हे अजून कोणी लिहिले नाही. ब्रेक जोरात दाबू नये. तसे केले तर मागचे वजन पुढच्या गाडीला एका बाजूने ढकलते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरावे, अ‍ॅक्सलरेटरवरचा पाय हळूहळू उचलावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. ट्रेलर डुलू लागला आणि त्याच्या ब्रेकचा वेगळा हाताचा खटका असेल, तर फक्त तो हलकेच दाबावा, म्हणजे ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो.

थांबायचे ते पहिल्या मोकळ्या जागी नव्हे, पहिल्या सुरक्षित जागी. रहदारीच्या बाजूचे चाक बसले असेल आणि कडेला पुरेशी रुंदी नसेल, तर धोक्याचे दिवे लावून अगदी हळू, रिम खराब झाली तरी चालेल, पुढच्या फाट्यापर्यंत किंवा रुंद जागेपर्यंत जावे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी नवीन रिम वाचवण्यासाठी अरुंद कडेला रहदारीकडे पाठ करून चाक बदलले. ते सुखरूप आहेत, पण जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याने त्यांच्या हातातला पाना उडाला, हे त्यांनी स्वतः मला सांगितले आहे.

सावकाश

चाक चढवल्यावरचेही लिहून ठेवतो. नट गोलाकार क्रमाने नव्हे, तर समोरासमोरचे आवळावेत आणि शेवटचा जोर मोजून देणाऱ्या टॉर्क पान्याने द्यावा. अर्ध्या इंची बोल्टांना साधारण १२० ते १६० न्यूटन-मीटर एवढा जोर लागतो, तरी नेमका आकडा आपल्या पुस्तिकेतलाच घ्यावा. नवीन बसवलेल्या चाकाचे नट पहिल्या काही किलोमीटरांत सैल होतात, विशेषतः अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर. मी १५, ४० आणि ८० किलोमीटरांवर थांबून पुन्हा पाहतो.

मुक्कामी

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिलेले वाचून मी काल दिवसभर ट्रेलरखाली टॉर्च घेऊन होतो आणि जे सापडले ते इथे नोंदवतो.

उजवीकडचे दोन्ही टायर आणि स्टेपनी यांचे अंक वाचले. चालते टायर चार वर्षांचे आहेत, स्टेपनी मात्र नऊ वर्षांची निघाली. ती ट्रेलरसोबत आलेली मूळचीच आहे आणि टायर बदलताना तिच्याकडे कोणीच पाहिले नव्हते, मीही नाही. ज्या टायरवर विसंबून मी घरी परतलो तो सगळ्यात जुना होता. तो काढून टाकला आहे.

पहिला टायर का बसला, याचेही उत्तर बहुधा मिळाले आहे. टायर फाटून गेला असला तरी रिम जपून ठेवली होती आणि तिच्यात रबराचा व्हॉल्व्ह शाबूत होता. चाकदुरुस्ती यांनी साबणाच्या पाण्याचे लिहिल्यावर मी तो व्हॉल्व्ह अंगठ्याने बाजूला वाकवून पाहिला. सरळ उभा असताना तो अगदी चांगला दिसतो, पण वाकवला की बुंध्याशी, रिममधून बाहेर येतो तिथे, नखाएवढी चीर उघडते आणि सोडला की मिटते. चार वर्षांपूर्वी टायर नवे घातले तेव्हा व्हॉल्व्ह मात्र जुनेच ठेवले गेले होते. चाक फिरताना तो बाहेरच्या बाजूला झुकत असणार आणि थांबल्यावर चीर मिटत असणार, म्हणून सकाळी गेज लावले तेव्हा मला फार काही कमी दिसले नसावे. खिळा वगैरे काही नव्हताच, असे मी आता धरून चाललो आहे.

चाकदुरुस्ती, अशा ठिकाणी साधा रबरी व्हॉल्व्ह चालतो की धातूचाच घालावा?

चाकदुरुस्ती

साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच बनवलेला असतो, म्हणजे आपण रोज त्याच्या शेवटच्या मर्यादेवर होता आणि गरम झाल्यावर तिच्या पलीकडे. पाचही चाकांना नटाने आवळायचे धातूचे व्हॉल्व्ह घालून घ्या. पुढे सेन्सर बसवणार असाल तर ते लागतीलच, कारण सेन्सरच्या वजनाने रबरी व्हॉल्व्ह आणखी वाकतो. ती रिमही टाकून द्या. रस्त्याला घासलेल्या कडेवर नवा टायर नीट बसणार नाही आणि हवा धरणार नाही.

मुक्कामी

पाचही चाकांना धातूचे व्हॉल्व्ह, डावीकडे दोन नवे टायर व एक नवी रिम, आणि स्टेपनीला नवा टायर असे काम आज करून घेतले. परत येताना १५ किलोमीटरांवर थांबून नट पाहिले, तर नव्या रिमवरचे दोन नट पान्याला थोडे फिरले. ४० वर एकही फिरला नाही. सांगाड्यावर जॅकच्या जागी चार पांढरे ठिपके दिले आहेत. ब्रेकची वायर आता चाकावरच्या कमानीच्या वरून, लोखंडी नळीतून नेली आहे.